इटलीत पडलेल्यांची नावं गावच्या स्तंभावर हवीत का?

प्रश्न: आमच्या गावातले कितीतरी जण मराठा लाइट इन्फंट्रीत होते, अजूनही आहेत. एसटी स्टँडजवळ वीर जवानांचा स्मृतिस्तंभ बांधून झालाय, पुढच्या महिन्यात लोकार्पण. १९४७ नंतरच्या नावांना कुणाची हरकत नाही, पण दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेल्या दोघांची नावं नकोत म्हणतात, ते इंग्रजांसाठी लढले म्हणे. त्यातले एक माझे चुलत आजोबा. घरात फोटोसुद्धा नाही, कुठं पुरलं तेही ठाऊक नाही. काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: नावं घ्याच, आणि बैठकीत यशवंत घाडगेंची गोष्ट सांगा, हुद्द्यानं नाईक. माणगाव तालुक्यातला हा २२ वर्षांचा पोरगा, ३/५ मराठामध्ये, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीतले, बाकीचे सगळे पडले, कुणी मेलं कुणी जखमी. हे एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद केली, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्या लागून तिथंच गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं, पण देह मिळाला नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर आहे, ज्यांची समाधी माहीत नाही अशा चार हजारांहून जास्त जणांबरोबर.

आता गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट. त्यांची ती पलटण पुढं २ पॅरा, म्हणजे भारतीय सैन्याची पॅराशूट पलटण झाली, तीच ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या टांगाइलला विमानातून पॅराशूटनं उतरली. तेव्हा पलटण तीच, पोरं त्याच गावांतली, मग १९४४ चा जवान परका आणि १९७१ चा आपला हे कसं ठरवायचं? राज्य कुणाचं असावं हे त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. आणि इटलीतल्या माँतोने गावानं २०२३ मध्ये घाडगेंच्या नावानं स्मारक उभं केलं, सूर्यतबकडी आहे ती, सावलीवरून वेळ दाखवणारी, वर लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. तिकडचे लोक ७९ वर्षांनी आठवण ठेवतात आणि आपण आपल्या गावात नाव खोडायचं, मला तरी हे सहन होत नाही.

इटलीत ५,७८२ भारतीय जवान गेले. तुमचे आजोबा पुरलेलेच असतील असं नाही, बऱ्याच हिंदू जवानांचं दहन झालं, फोर्लीला आणि संग्रो नदीकाठच्या दफनभूमीत त्यांच्यासाठी वेगळी स्मारकं आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धात गेलेल्यांच्या समाध्या आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर फुकटात शोधता येतं, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख मिळते, कधीकधी वडिलांचं नाव आणि गावही. फक्त स्पेलिंग त्या काळच्या साहेबानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून तीन-चार प्रकारे टाकून बघा.

कार्यक्रमाचं म्हणाल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आत्ताच पत्र द्या, बिगुल वाजवायला माणूस मिळतो का ते विचारा, ऐनवेळी मोबाइलवर लास्ट पोस्ट (शहिदांना मानवंदना देताना वाजवतात ती बिगुलाची धून) लावू नका. पुढच्या रांगेत वीरमाता, वीरपत्नी, मग बाकीचे. भाषणं दोनच ठेवा, पण नावं मात्र एकेक करून मोठ्यानं वाचा, हुद्दा, नाव, पलटण, आणि घरातलं कुणी असेल तर त्यांच्याच हातून फूल वाहू द्या. स्तंभावर सुभेदार असो की शिपाई, अक्षर एकाच मापाचं हवं. पाहुण्यांच्या नावाची कोनशिला बाजूला खाली लावा, ती जवानांच्या नावांपेक्षा मोठी दिसली तर लोकांच्या डोळ्यात खुपते, आणि खुपायलाच पाहिजे.

दगडावर कोरण्याआधी प्रत्येक घरी कागद पाठवून नाव तपासून घ्या, एकदा कोरलं की चूक निघत नाही. आजोबांचं नाव सापडलं नाही तर त्यांच्या वडिलांचं नाव आणि जुन्या तालुक्याचं नाव मला लिहून पाठवा, मीपण शोधतो.