गुरगुरतोय तोवर बरं आहे

ताई, तुम्ही लिहिलंय की शेल्टरमधून आणलेल्या अडीच वर्षांच्या कुत्र्याला घरी येऊन तीन आठवडे झाले. घरातल्या म्हाताऱ्या कुत्रीवर तो ताटलीपाशी गुरगुरायचा, मांजरीकडे टक लावून बसायचा. मग तुमच्या मिस्टरांनी दोनदा वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर हाणली आणि "आता बराच सुधारलाय, गुरगुरत नाही." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे अक्षरशः हेच झालं होतं. त्याची खूण माझ्या उजव्या अंगठ्याखाली अजून आहे.

मी डॉक्टर नाही, ट्रेनर नाही. इंदूरला सुदामा नगरात राहणारी, बँकेत नोकरी करणारी बाई आहे, आणि शेल्टरचा कुत्रा म्हणाल तर माझा अनुभव एकाच कुत्र्याचा. लसी, नसबंदी, जंतांचं औषध हे सगळं झालंय असं धरून चालते.

आमच्याकडे आधीपासून बंडू होता, अकरा वर्षांचा पॉमेरियन, आकाराने उशीएवढा आणि रुबाब होळकरांचा. मनी मांजर होती. आणि सासूबाई, ज्यांना ह्या दोघांशिवाय जेवण जात नाही. त्यात शेरू आला. ज्या संस्थेतून आणला तिचं नाव घेत नाही. "एकदम शांत आहे, सगळ्यांशी जमतं," असं सांगून त्यांनी अर्ध्या तासात कुत्रा गाडीत घालून दिला. तो तिथे शांत होता कारण तो भेदरलेला होता, हे कळायला मला चार महिने लागले. फाइल म्हणून जे हातात आलं त्यात लसीचं एक कार्ड आणि एक फोटो. फोटो दुसऱ्याच कुत्र्याचा. नंतर तिथल्याच एका मुलाने दबक्या आवाजात सांगितलं की हा दोनदा परत आलाय, त्यात एकदा मांजर असलेल्या घरातून. मी फोन केले तर मॅडम कायम मीटिंगमध्ये. एकदा तर "तुम्ही प्रेम कमी पडू देऊ नका" असं ऐकवून फोन ठेवला. प्रेम! मला त्याचा आधीचा कागद हवा होता हो.

पण खरी चूक त्यांची नाही, माझी. शेरू पहिल्या आठवड्यात बंडूवर गुरगुरला तेव्हा मी घाबरून एका ट्रेनरला बोलावलं. तो म्हणाला, ह्याला घरात अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायचंय, जागा दाखवायला हवी. गुरगुरला की मानेची कातडी धरून उताणा पाडायचा आणि डोळे वळवेपर्यंत दाबून ठेवायचा. बाटलीत खडे भरून कानाशी वाजवायचे. आठ बैठकांचे आगाऊ पैसे. मी शिकले आणि मन लावून केलं. दहा दिवसांत गुरगुरणं बंद. मी सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगत सुटले.

हे अल्फाचं खूळ आलं कुठून, ते नंतर वाचलं. १९४७ साली प्रसिद्ध झालेला लांडग्यांचा एक अभ्यास होता, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडून केलेला. ज्या डेव्हिड मीच ह्या लांडग्यांच्या अभ्यासकामुळे हा शब्द पुढे लोकप्रिय झाला, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे असली कुस्ती चालत नाही. पण आमच्या ट्रेनरपर्यंत ही बातमी पोचली नव्हती.

गुरगुरणं म्हणजे कुत्रा तोंडाने सांगतो, "लांब राहा, मला भीती वाटतेय." ते ऐकून आपण लांब झालो तर विषय तिथेच संपतो. ते मारून बंद केलं तर भीती तशीच राहते, फक्त सांगणं बंद होतं. मग उरतात त्या बारीक खुणा: अंग ताठणं, शेपटी थांबणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई. ह्या मला तेव्हा दिसत होत्या, कळत नव्हत्या.

गौरीजेवणाचा दिवस होता. घरात पंधरा माणसं, उज्जैनहून आलेल्या नणंदा, भांड्यांचा आवाज. शेरू ओट्याखाली दबून बसलेला. मी म्हटलं, बघा किती गुणी झालाय. सासूबाईंच्या हातून पुरणपोळीचा तुकडा पडला, बंडू दुडकत आला, आणि शेरूने आवाजसुद्धा न करता त्याचा कान धरला. ना दात दाखवले, ना गुरगुर. मी मूर्खासारखा मध्ये हात घातला. चार दात आत गेले. सगळे किंचाळत होते आणि त्या गोंधळात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी बसायचा पाट उचलला आणि दोघांच्या मध्ये उभा सरकवला. दिसेनासं झाल्याबरोबर शेरूने कान सोडला आणि मोरीत जाऊन थरथरत बसला. तेव्हापासून आमच्याकडे एक पाट कायम स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवलेला असतो. हात कधीही घालू नका. पाट, सूप, खुर्ची, जाड चादर, बादलीभर पाणी, काहीही चालेल.

एक नणंद हळद दाबायला निघाली होती, दुसरी तिखट. दोन्ही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि थेट दवाखाना. मी कपाळावर हळदीकुंकू घेऊन सरकारी रुग्णालयाच्या रांगेत बसले होते. जखम खोल होती म्हणून जखमेभोवती रेबीजवरचं सीरम टोचलं आणि रेबीजची लस त्याच दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्याला लस दिलेली होती तरी मी सगळे डोस घेतले. "घरचाच तर आहे" असं म्हणून ह्यात कुणी चालढकल करू नये. बंडूच्या कानाला पाच टाके पडले.

मग शेरूला महूच्या व्हेटरनरी कॉलेजात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला हातच लावला नाही. जमिनीवर बसून दोन मिनिटं नुसतं बघितलं, तो डोकं डावीकडे कसं झुकवतो ते. मग डाव्या कानात बॅटरी धरली. आतून काळपट तपकिरी मळ, आंबूस वास, बुरशीचा जुना संसर्ग. म्हणजे मी रोज ज्या बाजूला खडे वाजवत होते आणि कातडी ओढत होते, तिथेच त्याला दुखत होतं. गाडीत परत येताना मी राऊपर्यंत एक शब्द बोलले नाही.

म्हणून ताई, माझं पहिलं सांगणं: ट्रेनरच्या आधी डॉक्टर. कान, दात, कंबर, गोचीडताप, सगळं तपासून घ्या. दुखणारा कुत्रा शिकत नाही.

दुसरं, मारणं आजपासून बंद आणि सगळं परत शून्यापासून. आम्ही दोन आठवडे तिघांना एकमेकांचं तोंडही दाखवलं नाही. फक्त अंथरुणं अदलाबदल केली, म्हणजे वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं, ताटल्या आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. कुणी जेवायचा थांबून दाराकडे बघायला लागला की दुसऱ्या दिवशी परत मागे. त्यानंतर सुताराकडून जाळीचं दार करून घेतलं. आयतं घ्यायला जाऊ नका, मोठा कुत्रा ते एका उडीत ओलांडतो. आमचं दार छातीएवढं आहे आणि ते अजून काढलेलं नाही. दोन कुत्रे आजही वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात. लोक म्हणतात, "अजून जमलं नाही का?" जमलंय म्हणूनच असं करतो.

दोन कुत्र्यांची भेट घरात घडवू नका, रस्त्यावर घडवा. दोन माणसं, दोन पट्टे, रस्त्याच्या दोन कडा, एकाच दिशेने चालायचं. तोंडासमोर तोंड आणायचं नाही. आम्ही पहाटे कचरागाडीच्या आधी निघायचो, कारण त्या भोंग्यावरच्या गाण्याने शेरू वेडापिसा व्हायचा. वीसेक दिवसांनी बंडू स्वतःच कड ओलांडून त्याच्या शेजारून चालायला लागला, जसं काही कधी काही झालंच नव्हतं.

ताटली राखणाऱ्या कुत्र्याच्या तोंडातून वस्तू ओढू नका. जास्त चांगलं काहीतरी लांब टाका, तो उठून गेला की वस्तू उचला. आणि मुसकं शिकवा. ह्यावर लोक अंगावर येतात, "बिचाऱ्याचं तोंड बांधता?" अहो, पिंजऱ्यासारखं मुसकं घेतलं तर त्यात कुत्रा धापतो, पाणी पितो. कापडी घट्ट पट्टी नको, तिच्यात धापता येत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते जिवावर बेतेल. आत दही लावून ठेवायचं, तो आपणहून तोंड घालतो. पट्टा बांधायची घाई करायची नाही. आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, रात्री आणि पाहुणे असले की मुसकं असतंच.

मांजरीचं प्रकरण वेगळं आणि जास्त हळू. मनीला आम्ही उंची दिली: फ्रिज, कपाट, माळ्यावर जायला दोन फळ्या. तिचं खाणं ओट्यावर, तिची मातीची पेटी अशा खोलीत जिथे शेरू शिरूच शकत नाही. तो लांब दोरीवर, आणि तिच्याकडे बघून आपणहून मान वळवली की लगेच पनीरचा तुकडा. टक लावून ताठ झाला की काही न बोलता लांब न्यायचं. शांत बसलाय आणि नजर हलत नाही, हा मला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो. चार महिने लागले. आजही आम्ही घराबाहेर पडताना दोघांना एका खोलीत ठेवत नाही. माझं मत कुणाला कडक वाटेल, वाटू दे.

नवा कुत्रा घरात रुळायला "तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" असा एक ठोकताळा शेल्टरवाले सांगतात. तो ठोकताळाच आहे. आमच्याकडे सात महिने लागले. पण तिसऱ्या आठवड्यात भीड चेपून कुत्र्याचा खरा स्वभाव दिसू लागतो, हे खरं आहे, आणि तुम्ही नेमक्या तिथे आहात.

परत द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. घरात लहान मूल असेल किंवा म्हाताऱ्या कुत्रीच्या जिवाला धोका असेल तर द्या, सगळं खरं लिहून द्या, आणि अपराधी वाटून घेऊ नका. आमच्यासारखा रिकामा कागद पुढच्या माणसाच्या हातात पडू देऊ नका. फक्त कुणी "बायपासला सोडून या, जगेल तो" म्हणालं तर ऐकू नका. पाळलेलं जनावर उपाशीतहानलेलं मरायला सोडून देणं हा प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या गल्लीतल्या एका सद्गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

एक राहिलंच. आता गोचिडांसाठी औषध आणाल. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला विष. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर बिलगली तरी तिला झटके येऊ शकतात. पुडक्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. आमची मनी हल्ली जाताजाता शेरूच्या पाठीला अंग घासते, म्हणून मी हातात घेतलेली बाटली गल्ल्यावरूनच परत केली.