नॅशव्हिलला एकच दिवस मोकळा आहे. अमेरिकन यादवी युद्धाशी संबंधित एखादं जुनं घर बघण्यासारखं आहे का?

फ्रँकलिनला जा आणि कार्टर हाऊस बघा. नॅशव्हिलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर आहे. मी याच भागात राहते. घरी आलेल्या पाहुण्यांना बहुतेक वेळा कार्नटनची हवेली बघायची असते, कारण फोटोत तीच देखणी दिसते. मी मात्र आधी कार्टरांच्या घरी नेते. घर बेताचंच, विटांचं, फाउंटन ब्रँच कार्टर यांनी 1830 साली बांधलेलं. पण लढाई चालत्या-बोलत्या घरावर येऊन कोसळते म्हणजे काय होतं, ते मला तरी इथेच कळलं.

तिथे उभं राहिल्यावर दिशा लक्षात याव्यात म्हणून थोडं आधीचं सांगते. नोव्हेंबर 1864. अमेरिकेतल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये युद्ध चालू होतं. उत्तरेचा जनरल स्कोफील्ड नॅशव्हिलकडे माघार घेत होता. फ्रँकलिनला हार्पेथ नदी आडवी आली. पूल नीट होईपर्यंत सामानाच्या गाड्या पलीकडे नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या सैन्याने गावाच्या दक्षिणेला खंदक धरले, आणि ते गेले थेट कार्टरांच्या बागेतून. 30 नोव्हेंबरच्या पहाटे उत्तरेच्याच जनरल जेकब कॉक्सने घरच्यांना झोपेतून उठवलं आणि दिवाणखान्यातच मुख्यालय थाटलं. दुपारी चारच्या सुमारास दक्षिणेचा जनरल हूड याने वीसेक हजार माणसं दोन मैलांच्या मोकळ्या माळावरून सरळ त्या खंदकांवर घातली. नोव्हेंबरअखेरचा दिवस, थोड्याच वेळात सूर्य मावळला. त्यानंतर रात्री नऊपर्यंत माणसं अंधारात, समोरच्याच्या बंदुकीचा जाळ बघून लढत होती. पाच तासांत दक्षिणेची सहा हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. उत्तरेची दोन हजारांवर. दक्षिणेचे सहा जनरल या एका लढाईत गेले.

हे सगळं चालू असताना घरचे तळघरात होते. 67 वर्षांचे फाउंटन कार्टर, त्यांच्या मुली-सुना, नातवंडं, घरातले काही गुलाम, आणि रस्त्यापलीकडचं लोट्झ कुटुंब. अल्बर्ट लोट्झ हा जर्मनीहून आलेला सुतार. त्याचं स्वतःचं घर लाकडी, म्हणून बायकामुलांना घेऊन तो या विटांच्या घरात आला. तळघरात गेलात की एक मिनिट बोलणं थांबवा आणि वर मान करून बघा. डोक्यावर फक्त लाकडी तक्तपोशी आहे. तिच्यावर आणि भोवताली शेकडो माणसं एकमेकांना संगिनींनी भोसकत होती, बंदुकीच्या दस्त्यांनी ठेचत होती, आणि खाली लहान मुलं ते ऐकत होती.

बाहेर आलात की शेतीच्या हिशेबासाठी बांधलेली छोटी लाकडी कचेरी दिसेल. तिला सगळ्यात जास्त वेळ द्या. दक्षिणेकडची भिंत गोळ्यांनी चाळणी झालेली आहे. आत उभं राहिलं की प्रत्येक भोकातून उजेड येतो. साऱ्या आवारात मिळून गोळ्यांच्या हजारावर खुणा आहेत, पण मला ही एक भिंतच पुरते. भोकं किती खाली आहेत तेही बघा. बरीचशी माणसाच्या पोटाच्या, छातीच्या उंचीवर आहेत.

गाइड तुम्हाला टॉड कार्टरबद्दल सांगतीलच. हा फाउंटन यांचा मुलगा, वय 24, दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन. आदल्या वर्षी मिशनरी रिजच्या लढाईत पकडला गेला होता, कैद्यांच्या गाडीतून निसटून परत सैन्यात दाखल झाला. तीन वर्षांहून जास्त काळाने घर दिसलं ते हल्ल्याच्या वेळी, आणि घरापासून दीड-दोनशे मीटरवर तो कोसळला. रात्री घरच्यांनी कंदील घेऊन प्रेतांमधून त्याला शोधून काढला आणि उचलून आणला. 2 डिसेंबरला त्याच घरात त्याने प्राण सोडला.

ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं. पण तेवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हा मुलगा ज्या बाजूने लढला, ती बाजू माणसांना मालमत्ता मानणारी होती. याच घराच्या मालकीचे दोन डझनांहून जास्त गुलाम होते. कापूस त्यांनीच पिकवला. टॉडचं नाव, वय, जखमा सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांचं नावसुद्धा लोकांच्या तोंडी नाही. गाइडला त्यांच्याविषयी मुद्दाम विचारा.

त्यासाठीच तिथून मैलभर उत्तरेला गावच्या चौकात जा. मधोमध दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा 1899 पासून उभा आहे. हटवायचा की ठेवायचा यावर वाद झाला. 2019 मध्ये भोवती फलक लागले, त्यांत इथल्या गुलामांच्या बाजाराचीही माहिती आहे. 2021 मध्ये जुन्या कोर्टासमोर उत्तरेच्या सैन्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकाचा पुतळा बसवला. हे सगळं घडवून आणायला गावातली माणसं वर्षानुवर्षं झटली, म्हणून मला त्या फलकांचं फार मोल वाटतं. सगळे वाचायला अर्धा तास पुरतो.

वेळ उरला तर कार्नटन. लढाईनंतर ते इस्पितळ झालं. वरच्या खोल्यांच्या फळ्यांवर रक्ताचे डाग अजून आहेत, आणि मागच्या ओसरीवर चार जनरलांची प्रेतं ठेवली होती. शेजारच्या दफनभूमीत जवळपास 1,500 सैनिक आहेत.

घराच्या आत गाइडबरोबरच सोडतात, तेव्हा सकाळची वेळ आधी घेऊन ठेवा. वाटेत कोलंबिया अव्हेन्यूवर तोफगोळ्यांचा छोटा मनोरा असलेली एक बाग लागेल. दक्षिणेचा जनरल क्लेबर्न मारला गेला ती हीच जागा, आणि तिथे 2005 पर्यंत पिझ्झा हट होतं. जागा विकत घेऊन ते पाडलं आणि रणभूमीचा तेवढा तुकडा परत मिळवला. पुढे आणखीही तुकडे असेच मिळवले, त्यामुळे कार्टर हाऊसच्या दक्षिणेला आता पुन्हा थोडं मोकळं रान दिसतं. हल्ला कुठून आला, ते तिथे उभं राहून बघा.