मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसलेले मस

“मॅडम, घशाजवळ मस आलेत. रांगेनं.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यानं मोबाइल पुढे केला. पंचवीस-तीस फोटो, सगळे स्वतःच्या जिभेचे. वय २६, नुकताच साखरपुडा झालेला. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

दातांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतात ते बहुतेक तंबाखू-मावावाले. पण असे फोटोवालेही अधूनमधून येतात. डॉक्टरांनी गॉजमध्ये जीभ धरून, पुढे ओढून तपासली होती. “नॉर्मल आहे,” म्हणाले होते. घाबरलेल्या माणसाला एवढ्यानं काय होणार?

मी आरसा काढला आणि सरळ स्वतःचीच जीभ बाहेर काढली. तो हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, असं नंतर म्हणाला.

जिभेच्या पार मागे, इंग्रजी व्हीच्या आकारात, ८ ते १२ मोठे गोल उंचवटे असतात. त्यांच्याभोवतीच्या खाचेत चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. ते सगळ्यांनाच असतात, फक्त एरवी कुणी तिथं टॉर्च मारत नाही. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर एक दाणा लागतो, तिथं लाळेची नळी उघडते. त्यानं लगेच जीभ फिरवून पाहिली. “आहे!” ओठांच्या आतले पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी.

तोंडात खरा मस येतो तो बहुधा एकटा. टाळूवर, जिभेवर किंवा ओठावर, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा, न दुखणारा. त्यामागे बऱ्याचदा एचपीव्ही या, शरीरसंबंधातूनही पसरणाऱ्या विषाणूचे ६ आणि ११ हे प्रकार असतात. कॅन्सरशी जोडलेला १६ वेगळा. तेवढा भाग बधिर करून डॉक्टर मस काढतात आणि तपासायला पाठवतात. दोन्ही बाजूंना सारखं दिसणारं बहुतेक वेळा आपलं जन्मजात सामान असतं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा लाल-पांढरा चट्टा मात्र दाखवायलाच हवा.

“पण टॉर्च का मारलात?”

बराच वेळ तो अंगठा चावत बसला. मग निघालं: दोन वर्षांपूर्वीचं एक प्रकरण, साखरपुडा झाल्यापासून रात्री-रात्री मोबाइलवर वाचलेलं एचपीव्ही. “तिला सांगू का?”

“ते आणि जीभ वेगवेगळं ठेवू. जिभेचं आज मिटलं. दुसऱ्यासाठी एचआयव्ही आणि बाकीच्या तपासण्या करून घ्या. सरकारी केंद्रात एचआयव्हीची मोफत होते, नाव गुप्त राहतं. तिला सांगायचं का, कसं, यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा या.”

बोलता बोलता माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. नखाशेजारी खरखरीत दाणा.

“हा कधीपासून?”

“हा होय? वर्ष झालं. साधा चामखीळ आहे.”

चावून चावून ओठावर, तोंडात पसरू शकतो तो हाच, असं सांगून त्वचारोग विभागाची चिठ्ठी दिली. तो आभार मानून उठला. दारापर्यंत पोचला तोवर अंगठा पुन्हा दातांत.