बालविकास शिकायचाय? भाचीपासून सुरुवात करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. टीईटीसाठी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसाठी, पियाजे आणि एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांच्या विकासाच्या अवस्था, पियाजेच्या चार (विचारांच्या) आणि एरिक्सनच्या आठ (मन आणि नात्यांच्या), तोंडपाठ केल्या, बालमानसशास्त्राच्या 30 गुणांपैकी चांगले गुणही पडले, पण बहिणीची पाच महिन्यांची मुलगी मांडीवर आली की त्यातलं काहीच दिसत नाही. आता जन्मापासून किशोरवयापर्यंतचा विकास खरोखर शिकायचा आहे, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी डहाणूच्या बाजूला 24 वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. माझं उत्तर सरळ आहे: भाचीपासून करा.

एक शंभर पानी वही घ्या. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तारीख, भाचीचं वय आणि डोळ्यांना जे दिसलं, कानांना जे ऐकू आलं तेवढंच. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. 'बाळ चिडलं' हे उजवीकडचं. 'खुळखुळा काढून घेतला, पाठ ताणली, रडली, आईचा आवाज ऐकून थांबली, मान तिकडे वळवली' हे डावीकडचं. महिनाभर ही रेघ पाळणं जड जातं, कारण आपल्याला निष्कर्ष आधी सुचतो. पण बालविकासाच्या अभ्यासाचा पाया हाच आहे.

सध्या ती खुळखुळा अख्ख्या पंजाने धरत असेल आणि थेट तोंडात घालत असेल. थोड्याच दिवसांत एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागेल. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास तिची आई मांडी घालून समोर बसलेली असताना ताटलीत एखादा मुरमुरा ठेवून बघा, अंगठा आणि तर्जनीची चिमूट झालेली दिसेल. (शेंगदाणा किंवा फुटाणा अजिबात नको, श्वासनलिकेत अडकतो.) पंजाकडून बोटांकडे, मानेकडून पायांकडे, ही विकासाची दिशा पुस्तकात एका ओळीत संपते. वहीत ती पाच महिने चालते, म्हणून विसरली जात नाही.

आज एक गोष्ट करा. ती बघत असताना तिच्या आवडत्या खेळण्यावर रुमाल टाका. बहुधा ती खेळणं नव्हतंच असं समजून दुसरीकडे बघेल. दर पंधरा दिवसांनी हेच करा. आठव्या-नवव्या महिन्यात एक दिवस ती रुमाल ओढून काढेल. त्या दिवशी तुम्हाला पियाजे भेटेल. त्यानेही स्वतःच्या तीन मुलांकडे असंच बघून लिहून ठेवलं होतं. त्याआधी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना त्याचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेलं, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. सिद्धांत म्हणजे कुणीतरी पाहिलेल्या गोष्टीचं त्याने दिलेलं उत्तर. आधी आपण ती गोष्ट पाहावी, मग त्याचं उत्तर वाचावं.

आता वयांबद्दल. 'एक वर्षाला चालतं' असं पाठ केलं असेल तर ते खोडा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा पाठपुरावा करून जे टप्पे मांडले, त्यांत आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा आहे. आणि त्यातली 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. म्हणजे वय हा आकडा नसतो, पट्टा असतो. मूल नऊ महिन्यांआधी जन्मलेलं असेल तर जेवढे आठवडे लवकर आलं तेवढे वयातून वजा करायचे, साधारण दोन वर्षांपर्यंत.

आयांना महिने विचारू नका. 'मान कधी धरली, पालथं कधी पडलं' असं त्यांच्याच शब्दांत विचारा आणि सणांना धरून विचारा: गणपतीत बसत होता का? संक्रांतीला, बोरन्हाणाच्या वेळी, धरून उभा राहत होता का? उत्तर लगेच येतं आणि बऱ्यापैकी अचूक असतं. माझ्या सगळ्या कामात याच्याइतकी उपयोगी युक्ती मला दुसरी सापडली नाही.

पट्ट्याला शेवट असतो, हे मात्र मी चूक करून शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका पाड्यावरच्या आईने दोन वर्षांचा मुलगा बोलत नाही म्हणून विचारलं. मी म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, घाबरू नका. तो हसरा होता, खाणाखुणा करायचा, मला काळजीचं काही दिसलं नाही. पुढच्या वर्षी कळलं की त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. भाषा शिकण्याच्या ऐन दिवसांतलं एक वर्ष माझ्या वाक्याने गेलं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: वर्षाचं होईपर्यंत बडबड किंवा हातवारे नाहीत, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा कोणत्याही वयात आधी येणारी गोष्ट यायची बंद झाली, तर धीर देत बसायचं नाही, तपासणीला पाठवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आमच्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत.

भाचीची वही चालू असतानाच वाड्यातली, शेजारपाजारची वेगवेगळ्या वयांची मुलं बघायला लागा. एका मुलाकडे वर्षानुवर्षं बघणं आणि एकाच दिवशी अनेक वयांची मुलं बघणं, या दोन्ही पद्धती लागतात. चार, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना एकेकटं बसवून दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी दाखवून कशात जास्त ते विचारा, मग एका पेल्यातलं उंच, निमुळत्या बाटलीत ओता आणि पुन्हा विचारा, आता कशात जास्त? चार वर्षांचं मूल बहुधा बाटली दाखवेल. पण इथे थांबून एक विचार करा. आपल्याकडे बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की पहिलं उत्तर चुकलं असंच मूल समजतं. ही शंका परदेशातल्या संशोधकांनाही आली. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी 1970 च्या दशकात सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एकीची मांडणी मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून बिघडवून घेतली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मूल काय जाणतं हे आपण कसं विचारतो यावरही ठरतं, हे वर्ग घेताना फार कामाला येईल.

भाषेसाठी तीन वर्षांचं मूल बघा. आधी 'केलं' म्हणणारं मूल मध्येच 'मी करलं' म्हणायला लागतं. आजी हसते, आई दुरुस्त करते. तुम्ही तारीख लिहा. 'करलं' त्याला कुणी शिकवलेलं नाही. 'धरलं', 'भरलं' ऐकून त्याने नियम स्वतः शोधला आणि जिथे चालत नाही तिथेही लावला. काही दिवसांनी 'केलं' परत येतं, पण आता ते समजून आलेलं असतं.

'जन्मापासून' या तुमच्या शब्दात मात्र मी थोडी दुरुस्ती करेन. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी स्त्रियांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवली आणि झालेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. पुण्याकडची बाळं बारीक होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. मधुमेहाची बीजं कुठे पडतात, हा प्रश्न त्यातून नव्याने पुढे आला. बालविकास आईच्या ताटापासून सुरू होतो. एवढं लांबचं बघायचं तर वीस-वीस वर्षं नोंदी ठेवाव्या लागतात, हेही त्यातून शिका.

किशोरवयात वहीची पद्धत बदलते. सहावी-सातवीचा वर्ग एका रांगेत उभा केला तर मुली उंच दिसतात, कारण त्यांची झपाट्याची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होते. एवढं बाहेरून दिसतं. बाकीचं दिसत नाही, ते ऐकावं लागतं. तेरा वर्षांच्या मुलीकडे टक लावून बघून लिहायला लागलात तर ती तुमच्यापासून कायमची दूर जाईल, आणि ते योग्यच आहे. तिला सांगा की मला तुमच्या वयाबद्दल शिकायचंय, लिहू का? ती नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर भाकऱ्या थापताना, पाणी भरताना, चालताना बोला, समोरासमोर बसून प्रश्नावली नको. परिणामांचा विचार आणि आवर यांचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, आणि मित्रमैत्रिणी आजूबाजूला असल्या की या वयात धोका पत्करण्याकडे ओढ वाढते. हे लक्षात ठेवलंत तर 'एकटा असताना शहाणा असतो, पोरांत गेला की बिघडतो' हे आईचं वाक्य तक्रार न वाटता निरीक्षण वाटेल, आणि डावीकडच्या रकान्यात जाईल.

वहीत कुणाही मुलाचं खरं नाव लिहू नका, खूण लिहा. पेल्याचा खेळ झाल्यावर 'चुकलास' म्हणू नका आणि निकाल शेजारणींना सांगू नका.

पुस्तकं बाजूला ठेवा असं माझं म्हणणं नाही. आठवड्यातून एकदा वही घेऊन बसा आणि त्या आठवड्यात जे दिसलं तेवढंच प्रकरण वाचा. सध्या पकड, आवाजाकडे वळणं, ओळखीच्या चेहऱ्याला हसणं एवढं पुरे. अनोळखी माणसाला बघून भाची पहिल्यांदा रडून आईला बिलगेल, तेव्हा बाळ आणि आईच्या जिव्हाळ्याचा अभ्यास करणारे बाउल्बी आणि एन्सवर्थ उघडा. त्याला अजून तीनेक महिने आहेत.