पणजोबा दुसऱ्या महायुद्धात सॅपर होते आणि कैदेत होते. त्यांची माहिती कुठून काढायची?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा चिकोडी तालुक्यातले, 'मिलिटरीत इंजिनिअर' होते, कैदेतून परत आले, आणि घरात आता फक्त ताऱ्याच्या आकाराचं एक पदक उरलंय. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या घरी अगदी हीच परिस्थिती होती. आमच्या आज्जांच्या पलटणीला घरात सगळे 'सफरमैना' म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, ही मैना लांबच्या सफरीला जाणारी असावी. 'सॅपर्स अँड मायनर्स'चा तो चोथा आहे हे कॉलेजात कळलं. पूल बांधायचे, सुरुंग पेरायचे आणि काढायचे, वाळवंटात पाण्याची सोय करायची, ही त्यांची कामं. आम्ही सुतार, त्यामुळे आज्जांना भरतीतच सुताराचा ट्रेड मिळाला होता.

पहिलं सांगतो: नावावरून शोधू नका, सैनिकाच्या लष्करी नंबरावरून शोधा. नावावर माझी दोन वर्षं गेली. भरतीच्या कारकुनाने ऐकू आलं तसं नाव इंग्रजीत लिहिलेलं. आज्जांच्या कागदावर आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. असे पांडुरंग शंभर निघतात.

नंबर बहुतेक तुमच्या हातातच आहे. तारा उलटा करून बघा. ब्रिटिश सैनिकांना हे तारे कोरे मिळाले, पण भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर मागच्या बाजूला बऱ्याचदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमची अडचण वेगळीच होती. आज्जी दर खंडेनवमीला करवत, रंधा, वाकस यांच्याबरोबर आज्जांचा ताराही पूजेला मांडायची, आणि त्याआधी चिंच लावून लख्ख घासायची. साठ वर्षं घासल्यावर अक्षरं काय राहणार! शेवटी अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरली, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तेव्हा पाच आकडे आणि 'एस. अँड एम.' उमटलं. तुम्ही तरी आता पॉलिश करू नका.

ताऱ्याच्या पुढच्या बाजूला मधल्या गोल पट्टीवर इंग्रजीत नाव असतं. आफ्रिका स्टार असेल तर उत्तर आफ्रिका, म्हणजे पकडणारे इटालियन किंवा जर्मन. पॅसिफिक स्टार असेल तर बहुधा मलाया-सिंगापूर, म्हणजे जपानी. बर्मा स्टारचा अर्थ उघड आहे. नुसता '१९३९-१९४५ स्टार' असेल तर मात्र त्यावरून फारसं कळत नाही.

नंबर हाती आला की खडकीला लिहा. आपल्याकडचे बरेच जण बेळगाव कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरला खेटे घालतात, पण ते पायदळ. मराठी सॅपर बहुतेक बॉम्बे सॅपर्सचे, आणि त्यांचं रेकॉर्ड ऑफिस पुण्याजवळ खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं. पदकावर मद्रास सॅपर्स निघाले तर बेंगळुरूला लिहा. अर्जासोबत नात्याचा पुरावा जोडा. आम्हाला आठ महिन्यांनी दोन ओळी आल्या: भरतीची तारीख, ट्रेड, आणि '२१ जून १९४२ रोजी तोब्रुक येथे बेपत्ता'.

पत्त्याची एक गंमत लक्षात ठेवा. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हैसूर राज्यात गेला तो १९५६ ला. शिवाय मध्ये मध्ये संस्थानं होती. रायबाग कोल्हापूरचं, बेळगावातलं शहापूर सांगलीचं. तुमचं गाव संस्थानी असेल तर कागदावर बेळगाव नाव येणारच नाही. अर्जात संस्थान आणि जिल्हा दोन्ही लिहा.

आता कैदेचं. उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं त्या दिवशी ३० हजारांवर सैनिक पकडले गेले. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही (२/५) होती. कैदी इटलीत नेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, तेव्हा काही निसटले, बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेला हलवलं. कोण कुठल्या छावणीत होतं हे बघायला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचा अर्ज भरा. ऑनलाइन असतो, पैसे पडत नाहीत, पण वर्षातून ठरावीक वेळीच उघडतो आणि कोटा भरला की बंद. नाव, बापाचं नाव, नंबर, पलटण हे सगळं आधी तयार ठेवा.

आमच्या घरात गोष्ट होती की आज्जा बर्फातून चालत दुसऱ्या देशात गेले. आम्ही हसायचो. रेड क्रॉसच्या उत्तरात शेवटची छावणी निघाली एपिनाल, फ्रान्स. तिथं ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, कुंपण फुटलं, आणि त्या गडबडीत पळालेल्यांपैकी ५०० च्या आसपास भारतीय कैदी चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. म्हणजे चालणं खरं होतं. बर्फ मात्र आज्जीने घातला असावा, मे महिना होता.

तुमचे पणजोबा सिंगापूरला सापडले असतील तर वाट वेगळी. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यानंतर तिथले बरेच जण आझाद हिंद सेनेत गेले, आणि तिच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या यादीत ते सापडले नाहीत म्हणून घाबरू नका, ती मेलेल्यांची यादी आहे आणि तुमचे तर परत आले.

पेन्शनचे कागद शोधण्यात वेळ घालवू नका. लढाईपुरते भरती झालेल्या बहुतेकांना पेन्शन बसलीच नाही. त्यापेक्षा जुन्या पेटीच्या तळाला लावलेला कागद काढून बघा. कैद्याचं पोस्टकार्ड असेल तर त्यावर 'पी. जी.' आणि पुढे एक आकडा असतो, तो इटालियन छावणीचा नंबर.

ताऱ्यावर काय उमटतंय ते खाली कमेंटमध्ये लिहा, अर्धवट असलं तरी चालेल. पेन्सिल मऊ घ्या, टोकदार नको.