एकट्या कुत्र्याला सोबत म्हणून दुसरं पिल्लू आणलं, आणि…

"आमचा लिओ ११ महिन्यांचा, लॅब्रॅडॉर. दिवसभर घरी एकटा असतो म्हणून त्याला सोबत आणली. आज चौथा दिवस. तो तिच्यावर सारखा गुरगुरतो, काल तर तिच्या तोंडाजवळ दात आपटले. पिल्लू परत द्यावं का?"

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका घरातून आला. (कुत्र्यांची नावं बदलली आहेत.) वडील अंबड एमआयडीसीत शिफ्टला, आई शाळेत, मुलगी दहावीला. दुपारचे पाच-सहा तास लिओ तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटा. तो रडतो अशी शेजाऱ्यांची तक्रार. दाराच्या चौकटीचा रंग त्यानं नखांनी खरवडून काढलेला. ‘जोडीला एक आणा, गप्प बसेल,’ असं कुणीतरी सांगितलं आणि पाथर्डी फाट्याजवळच्या एका बांधकामावरून साधारण ८ आठवड्यांची देशी मादी, चिंगी, शनिवारी संध्याकाळी घरी आली. तिला हॉलच्या मधोमध सोडलं, लिओच्या जेवणाच्या भांड्यापासून दोन हातांवर. सगळे मोबाइल काढून उभे. ‘बघ, तुझी बहीण आली!’

लिओ गुरगुरला तेव्हा त्याला गुंडाळलेल्या पेपरचा फटका बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो गुरगुरला नाही, थेट दात आपटले. घरच्यांना वाटलं, हा अचानक बिथरला. अचानक काही नव्हतं. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ अशी कुत्र्याची सभ्य भाषा. ती बोलल्याबद्दल मार बसतो हे कळलं की कुत्रा ती पायरी गाळतो आणि पुढच्या पायरीवर जातो. तिसऱ्या दिवसाचं मूळ पहिल्या दिवशीच्या पेपरात होतं.

पण त्याहून मोठी चूक चिंगी यायच्या आधीच झालेली होती. लिओ एकटा असताना नेमकं काय करतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं. बाहेर पडताना एक मोबाइल मुख्य दार दिसेल असा टेकवून ठेवायचा आणि पाऊण तास रेकॉर्डिंग करायचं, एवढंच काम. ते आता करायला सांगितलं. चिंगी तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात जाळीच्या कुंपणात होती. व्हिडिओत दिसलं ते असं: दार बंद झाल्यावर चौथ्या मिनिटाला लिओ धापा टाकायला लागला. पंखा चालू होता, ऊन नव्हतं. मग दार ते बाल्कनी, बाल्कनी ते दार अशा येरझाऱ्या, फरशीवर लाळेचे थेंब. नवव्या मिनिटाला मान वर करून रडणं. चिंगी चार फुटांवर गोधडीवर गाढ झोपलेली. त्या पाऊण तासात त्यानं तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

कंटाळलेला कुत्रा असा वागत नाही. तो आधी झोप काढतो, तास-दीड तासानं उठतो, चप्पल शोधतो, कुशन फाडतो, पुन्हा झोपतो. त्याला सकाळी अर्धा तास हुंगत-हुंगत फिरवणं, खाणं भांड्याऐवजी चटईत किंवा टॉवेलच्या घडीत लपवून देणं, चघळायला काहीतरी देणं, यानं बराच फरक पडतो. माणसं गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच ज्याला घाबरं होतं, त्याला माणसांवाचून राहता येत नाही. त्याला कुत्र्याची उणीव नसते, आणि आणलेला कुत्रा माणसांची उणीव भरून काढत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 

म्हणजे इथे कामं दोन होती, आणि दोन्ही वेगवेगळी: लिओला एकटं राहायला शिकवणं आणि दोघांची ओळख पहिल्यापासून करून देणं. ओळख आधी, कारण तिथे दात लागण्याचा धोका होता.

सुरुवात डॉक्टरांपासून. चिंगीचं वजन, विष्ठेची तपासणी, जंताचं औषध, पहिली लस. बांधकामावरच्या पिल्लात जंत असतात असंच धरून चालावं. साधारण १२ आठवड्यांचं होईपर्यंत दर १५ दिवसांनी जंताचं औषध आणि ६-८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी लस, हा ठोकताळा. नेमक्या तारखा आणि डोस डॉक्टर ठरवतील. खरं तर नवं पिल्लू पहिले १०-१४ दिवस वेगळ्या खोलीतच हवं. पार्व्हो या विषाणूची लागण झाली तरी जुलाब-उलट्या सुरू व्हायला काही दिवस जातात, आणि तो विषाणू घरात, अंगणात महिनोन्महिने टिकतो. लिओच्या लसी पूर्ण होत्या म्हणून निभावलं. तरी चिंगीला मुलीच्या खोलीत हलवलं. पाण्याचं भांडं, गोधडी, पुसायचं फडकं सगळं वेगळं.

दुसऱ्या आठवड्यात, चिंगी नीट खात-पीत होती आणि शी घट्ट होती, तेव्हा वासांची अदलाबदल सुरू झाली. जुन्या सुती ओढणीचे दोन तुकडे. एक चिंगीच्या गालांवर, मानेवर फिरवून लिओच्या भांड्यापासून पाच-सहा फुटांवर ठेवायचा, दुसरा उलट. लिओनं तुकडा हुंगून जेवायला तोंड घातलं की दुसऱ्या दिवशी तो फूटभर जवळ. ताठ उभा राहिला किंवा जेवण सोडलं तर पुन्हा लांब. त्याला चार दिवस लागले. काहींना दोन पुरतात, काहींना दहा.

प्रत्यक्ष भेट कुठे घडवायची हा आपल्याकडचा अवघड प्रश्न. ‘दोघांचीही नसलेली जागा’ असं सगळे सांगतात, पण लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदापार्कात जमिनीवर सोडता येत नाही. भटक्या कुत्र्यांचा वावर असलेली माती त्याच्यासाठी धोक्याची. या घरानं सोसायटीची गच्ची वापरली. लिओ तिथे एरवी जात नव्हता, भटकी कुत्री वर येत नव्हती. वेळ सकाळी पावणेसात, कारण नंतर नाशिकचं ऊन आणि तापलेली फरशी. हाताचा उलटा पंजा जमिनीवर पाच सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नये.

दोन माणसं, दोन लीश (धरायच्या दोऱ्या), लिओला गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा. एकमेकांपासून १५-२० फूट अंतर ठेवून एकाच दिशेनं चालायचं, समोरासमोर नाही. लीश सैल हवी. माणूस घाबरून लीश आवळतो, कुत्र्याला ती ओढ जाणवते आणि ‘काहीतरी धोका आहे’ असं त्याला वाटतं. इथे वडिलांचा हात दर वेळी आवळत होता, म्हणून तिसऱ्या दिवसापासून लिओची लीश मुलीकडे दिली. खिशात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. लिओनं चिंगीकडे पाहून मान परत वळवली की एक तुकडा. एकूण दहा मिनिटं, मग खाली. पाचव्या दिवशी अंतर संपलं. लिओनं तिला मागच्या बाजूनं हुंगलं, तीन सेकंदांत मुलीनं आनंदी आवाजात बोलावून घेतलं, आणि भेट तिथेच थांबवली. आणखी दहा सेकंद चाललं असतं तर बहुधा काही बिघडलं नसतं, पण पहिल्या भेटी चांगल्या चाललेल्या असतानाच थांबवाव्यात.

घरात मात्र घाई नको. पहिले दोन-तीन आठवडे दोघं एकत्र असतील तेव्हा एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघणारं हवं. स्वयंपाक करता करता बघणारं नव्हे. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बाकी वेळ मध्ये जाळी. आणि लिओसाठी दिवाणाची उंच जागा, जिथे चिंगीला चढता येत नाही. मोठ्या कुत्र्याला उठून जाता आलं तर तो गुरगुरतच नाही, हे या घरात चार दिवसांत दिसलं.

बघायचं काय? शरीर सैल, पाठ लवचीक, पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर, आलटून-पालटून पाठलाग, मोठा आपणहून खाली लोळतो: हा खेळ. तोंड एकदम मिटलं, अंग गोठलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, मान दुसरीकडे वळवून ओठ चाटतोय: आता बोलावून घ्या. शंका आली तर जो अंगावर जातोय त्याला धरायचं. सुटलेला परत त्याच्याकडे आला तर खेळ, लांब गेला तर त्याला नको होतं.

चिंगीच्या वयाचं पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं. झोप कमी पडली की चावरं होतं. संध्याकाळी सात ते नऊ, घरात सगळे असताना, पाहुणे असताना, सर्वांत जास्त भांडणं होतात ती म्हणूनच. त्या वेळी पिल्लू जाळीत, अंधारात, झोपलेलं असावं. ‘दिवसभर कोंडलं, आता तरी मोकळं सोडू’ ही दया महागात पडते.

जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून. लिओला दोन वेळा, चिंगीला चार वेळा. पंधरा मिनिटांत भांडी उचलायची. हाडं, चघळायच्या वस्तू एकत्र असताना जमिनीवर नकोत. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षांचं कॅरेट घरोघरी खालीच ठेवलेलं असतं, कांद्याची टोपली बारा महिने. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, कांदा-लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतो. तीन किलोच्या पिल्लाला फार थोडं पुरतं. दोन्ही वर उचलून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात घोळ झालाच. संध्याकाळी साडेसात, स्वयंपाकघराच्या दारात मुलीच्या हातून बिस्किटाचा तुकडा पडला. दोघंही झेपावले. अरुंद दार, मध्ये माणसाचे पाय, खाण्याची वस्तू आणि झोपेला आलेलं पिल्लू, सगळं एका जागी. लिओनं चिंगीला फरशीवर दाबलं. आरडाओरडा न करता आईनं स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं, लिओ दचकून बाजूला झाला, मुलीनं चिंगीला उचललं. कानावर ओरखडा, दात रुतलेला नव्हता. हात मध्ये घातला नाही हे फार बरं झालं, भांडणात चावा सोडवणाऱ्यालाही बसतो. बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टर, कुत्रा घरचा असला तरी. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराला जाळी लागली आणि भेटी पुन्हा पाच मिनिटांवर आल्या.

‘परत द्यावं का’ याचं उत्तर इथे मिळालं. लिओनं दाबलं पण इजा केली नाही, आवाजानं सुटला, तासाभरात नेहमीसारखा होता. असा कुत्रा शिकतो. दात रुतवून जखम करणारा, आवाज न करता पिल्लावर टक लावून मागे मागे फिरणारा, किंवा खाणं सोडून पलंगाखाली बसून राहणारा कुत्रा असेल तर पिल्लाला दुसरं चांगलं घर शोधावं, तेही लवकर. तीन-साडेतीन महिन्यांचं पिल्लू नव्या घरात सहज रुळतं, आठ महिन्यांचं तितकं नाही. यात घरच्यांची बेअब्रू नाही.

लिओचं एकटेपण हे दुसरं, हळू चालणारं काम. किल्ल्या उचलून परत ठेवायच्या, दिवसातून दहा-पंधरा वेळा, त्याचे कान हलेनासे होईपर्यंत. मग दार उघडून बंद. मग बाहेर पाच सेकंद, वीस सेकंद, एक मिनिट. धाप लागली की कालच्या वेळेवर मागे. हे चालू असताना त्याला तास-तास एकटं सोडायचं नाही, नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं. म्हणून तळमजल्यावरच्या आजी दुपारी वर येऊन बसायच्या. काही कुत्र्यांना डॉक्टरांच्या औषधाची जोड लागते, त्यात कमीपणा नाही.

आणि दोघांनाही रोज १५-२० मिनिटं एकेकट्यानं माणूस हवा. फिरणं वेगळं, शिकवणं वेगळं, झोपही सुरुवातीला वेगळी. नाहीतर पिल्लू माणसापेक्षा मोठ्या कुत्र्याच्या मागे लागतं आणि त्याच्यावाचून त्याला राहता येत नाही. चिंगीनं दुसऱ्याच आठवड्यात लिओच्या सुरात सूर मिसळून पाहिला होता. म्हणूनच विचारणाऱ्यांना सांगणं असतं की पहिला दीड-दोन वर्षांचा होऊ द्या, बोलावल्यावर येऊ द्या, एकटा राहू द्या. अकरा महिन्यांचा लॅब म्हणजे अंगानं मोठा झालेला पोरगाच. पहिला कुत्रा जसा आहे तसाच दुसरा होतो.

तीन महिन्यांनंतर लिओ ५० मिनिटं एकटा राहतो, बराचसा वेळ दिवाणावर. चिंगीशी त्याची गट्टी वगैरे जमलेली नाही. सकाळी गच्चीवर दहा मिनिटं दंगा, बाकी वेळ एका खोलीत सहा फुटांवर दोघं आपापले झोपलेले. घरच्यांना थोडं वाईट वाटतं, फोटोंत दिसतं तसं गळ्यात गळा घालून झोपत नाहीत म्हणून. ती आता पाच महिन्यांची आहे. पहिली हीट (माज) सहाव्या महिन्यानंतर कधीही येऊ शकते, ती साधारण तीन आठवडे चालते, आणि लिओची नसबंदी झालेली नाही. दोघांच्या शस्त्रक्रियांच्या तारखा डॉक्टरांकडे ठरवायला घेतल्या आहेत. तोवर मधली जाळी काढायची नाही.