लिलाव आणि लेलांग

नोकरीनिमित्त जकार्त्यात राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘इथल्या सरकारी कचेरीच्या पाटीवर आणि मासळी बंदरावर "लेलांग" हा शब्द दिसतो. अर्थ लिलावच. मग आपला लिलाव डचांनी इकडे आणला, की इकडचा शब्द तिकडे आला? आणि डचांना जुन्या मराठीत वलंदेज का म्हणत?’

लिलाव आणि लेलांग ही सख्खी भावंडं आहेत, पण कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. दोघांचा बाप पोर्तुगीज, ‘लेइलांव’. पोर्तुगिजांनी तो अरबीतून उचलला, तिथे मूळ अर्थ जाहीर करणं, पुकारा करणं. शब्दाच्या शेवटी जो नाकातला स्वर आहे, त्याचं प्रत्येक भाषेने आपापल्या परीने काहीतरी केलं. जुन्या मराठीत ‘लिलांव’ असं अनुस्वार देऊन लिहीत, शुद्धलेखनाचे नियम बदलले तेव्हा डोक्यावरचा ठिपका गेला. गुजरातीत ‘लिलाम’, हिंदीत ‘नीलाम’, मलायात ‘लेलोंग’, इंडोनेशियात ‘लेलांग’. तमिळने तर पहिलं अक्षरच गाळून ‘एलम’ केला.

आता खरा प्रश्न. जावात राज्य डचांचं, 1619 मध्ये बटाव्हिया (आजचं जकार्ता) वसवल्यापासून 1942 पर्यंत. पोर्तुगिजांनी तिथे कधीच राज्य केलं नाही. मग लिलावाला पोर्तुगीज शब्द कसा?

कारण बटाव्हियाच्या रस्त्यावरची भाषा. 1511 मध्ये मलाय किनाऱ्यावरचं मलाक्का बंदर घेतल्यापासून पोर्तुगिजांनी त्या समुद्रात व्यापाराची एक मोडकीतोडकी पोर्तुगीज रुजवली होती. डचांनी 1641 मध्ये मलाक्का जिंकलं, भाषा मात्र तशीच राहिली. शिवाय वलंदेजांच्या कंपनीने बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून गुलाम म्हणून जी माणसं नेली, त्यांतली बरीच हीच भाषा बोलत. (शिवछत्रपतींनी 1677 मध्ये कर्नाटकच्या स्वारीत वलंदेजांना जो कौल दिला, त्यात माणसांच्या खरेदी-विक्रीला मनाई होती, ती याच धंद्याला.) यांतल्या मुक्त झालेल्या ख्रिस्ती लोकांना मार्दाइकर म्हणत. त्यांच्यासाठी डचांनी 1695 मध्ये तटाबाहेर एक चर्च बांधून दिलं, आणि डच राजधानीतल्या त्या डच चर्चमध्ये उपासना चाले पोर्तुगीजमध्ये! ते चर्च जकार्त्यात आजही उभं आहे. सवड काढून पाहून या.

म्हणून इंडोनेशियन भाषेत परकीय शब्दांचे दोन थर स्पष्ट दिसतात. जुना थर पोर्तुगीज: शाळेला ‘सेकोलाह’ (गोव्यातलं इस्कोल), चर्चला ‘गेरेजा’ (आपली इगर्ज), खिडकीला ‘जेंदेला’ (गोव्यातलं जनेल), फितीला ‘पीता’, आणि तुरुंगाला जुना शब्द ‘तेरुंगकू’. वरचा थर डच: कचेरीला ‘कांतोर’, पोलिसांना ‘पोलिसी’, आगगाडीला जावात ‘सेपूर’, थांब्याला ‘हाल्ते’. 1867 मध्ये समारांगहून पहिली आगगाडी निघाली, तोवर पोर्तुगीजचा जमाना संपला होता, म्हणून रेल्वेचे शब्द डच. शाळा मात्र गंमत आहे. सरकारने गावोगावी शाळा काढल्या 1907 पासून, देशी लोकांसाठी डच माध्यमाच्या शाळा 1914 पासून. त्यांची सरकारी नावं लांबलचक डच. लोक म्हणत राहिले सेकोलाह.

लिलावाचंही अगदी तसंच. सरकारी कागदात शब्द होता ‘व्हेंदू’ किंवा ‘व्हेंदूसी’. आणि हा कागद साधासुधा नव्हता, कारण डच वसाहतीचा गाडा लिलावावर चाले असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. अफूविक्रीचा मक्ता ठरावीक मुदतीने लिलावात निघे आणि धनाढ्य चिनी व्यापारी त्यावर तुटून पडत. ही मक्तेदारी मोडून सरकारने अफू आपल्या हातात घेतली, ते काम 1894 ला सुरू झालं आणि 1904 पर्यंत जावाभर पसरलं. त्याआधी, 1811 ते 1816 या काळात बेट इंग्रजांच्या ताब्यात असताना तिथला लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स याने तिजोरी भरायला 1813 मध्ये सरकारी जमिनीच लिलावात काढल्या, आणि एका खरेदीत स्वतःही भागीदार झाला. त्यावरून त्याच्यावर आरोप झाले. 1830 नंतर जावातल्या शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेतलेली कॉफी नेदरलँडमध्ये नेऊन लिलावातच विकली जाई. 1831 ते 1877 या काळात जावातून डच तिजोरीत 80 कोटींहून अधिक गिल्डर गेले, त्यात कॉफीचा वाटा सर्वांत मोठा.

पण मला सगळ्यांत आवडतो तो बदलीचा लिलाव. डच अधिकाऱ्याची बदली झाली की सामान बरोबर नेणं परवडत नसे, म्हणून घरातलं सगळं अंगणात मांडून लिलाव. बोली लावायला येणार कोण, तर हाताखालचे कारकून, देशी सरदार, शहरातले चिनी व्यापारी. साहेबाची मोडकी खुर्ची नाही तर पोपटाचा रिकामा पिंजरा भलत्याच भावाला जाई. मान ठेवल्यासारखं होई आणि साहेबाच्या पदरात रोकडही पडे. लाच म्हणावी तर सगळं जाहीर, पावतीसकट. आपल्याकडे निरोप समारंभात नुसती शाल-श्रीफळ देऊन भागतं, हे त्या मानाने स्वस्तच.

1908 मध्ये डच सरकारने लिलावाचा कायदा केला, त्याचं नाव ‘व्हेंदू रेग्लेमेंट’. स्वतंत्र इंडोनेशियात तो अजून लागू आहे. म्हणजे कायद्याचं नाव डच, पण तो राबवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यात शब्द लेलांग. तुम्ही पाहिलेली मासळी बंदरावरची पाटी ‘तेम्पात पेलेलांगान इकान’ असणार: तेम्पात म्हणजे जागा, इकान म्हणजे मासे, आणि मधल्या शब्दात मागेपुढे प्रत्यय लावलेला आपला लेलांग. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा जो लिलाव पुकारतात, त्याला सरळ हे नाव देता येईल.

उलटा प्रकार श्रीलंकेत. तिथल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी प्रत्यक्ष राज्य केलं, त्यांच्यानंतर 1658 पासून 1796 पर्यंत डचांनी. तरी सिंहलीत लिलावाला म्हणतात ‘वेंदेसिय’, म्हणजे डचांचं व्हेंदूसी. जिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं तिथे डच शब्द टिकला, जिथे नव्हतं तिथे पोर्तुगीज!

वलंदेजचं थोडक्यात. वेंगुर्ल्याला डचांची वखार 1637 ची, तरी त्यांचं नाव मराठीने पोर्तुगिजांच्या तोंडून घेतलं: ‘ओलांदेस’, म्हणजे हॉलंडचा. आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात टोपीकरांची, म्हणजे युरोपीय लोकांची यादी आहे, फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. त्यातले डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले, तेही नाव पोर्तुगीज वळणाचंच. ‘डच’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीबरोबर नंतर आला. सतराव्या-अठराव्या शतकाबद्दल लिहिताना वलंदेज बिनदिक्कत वापरा, जावातल्या रेल्वेबद्दल लिहाल तेव्हा डचच बरं.

जाता जाता: विदर्भ-मराठवाड्यात लिलावाला ‘हर्रास’ म्हणतात, तोही मूळचा अरबीच, पण तो जमिनीच्या वाटेने आला. बोली मात्र दोन्हींत लावतातच.